चोर हजर, मालक बेपत्ता

पुण्यात आणि मुंबईच्या उपनगरांत सध्या चोरांची एक जमात वावरते आहे. वय सत्तरीच्या पुढे, निदान एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, पेन्शन सरकारी किंवा निमसरकारी, आणि जन्मात कधी सिग्नल तोडलेला नाही. ही मंडळी रात्री जेवणानंतरच्या गोळ्या घेतात आणि मग एकमेकांना १९५८ सालचे तांत्रिक निबंध पाठवतात. पुरात पुलाच्या खांबाभोवतीचा तळ कसा खणला जातो, दगडी धरणाच्या पोटात पाण्याचा दाब किती चढतो, व्हॉल्व्हच्या रेडिओतली घरघर कशी घालवावी, असले विषय. खाली एक ओळ असते : 'दुर्मिळ आहे. कृपया पुढे पाठवू नये.' पाव तासात तो निबंध नाशिक, नागपूर आणि न्यू जर्सी फिरून, 'आपल्याकडे हा आहे का?' या चौकशीसह मूळ चोराकडे परत येतो.

मग कुणीतरी विचारतंच, "अहो, पण याचा कॉपीराइट?" हा प्रश्न निबंध उतरवून घेतल्यावर विचारायचा, असा या मंडळींतला शिष्टाचार आहे. आधी विचारणं उद्धटपणाचं समजतात. प्रश्नानंतर दोन दिवस शांतता पसरते. तिसऱ्या दिवशी कुणीतरी 'सुप्रभात'चा गुलाब पाठवतं आणि विषय मिटतो.

खरं तर विषय मिटण्यासारखा नाही. नियमानं चालणाऱ्या माणसाला आपण चोर आहोत की नाही हे पक्कं कळलेलं बरं असतं. चोर असलो तर लाज वाटून घेता येते, नसलो तर मान ताठ ठेवता येते. पण चोरी सिद्ध व्हायला मालक लागतो, आणि घोडं तिथेच पेंड खातं.

आधी चोरीचा माल बघू. छापील पानापासून मोबाइलच्या पडद्यापर्यंत येताना निबंधाचे जे हाल होतात ते लेखकानं पाहिले, तर हक्क सांगायचं सोडून तो 'हा मी लिहिलेलाच नाही' असं प्रतिज्ञापत्र करून देईल. पहिली झेरॉक्स कुठल्याशा इंजिनिअरिंग कॉलेजच्या ग्रंथालयात काढलेली. जाडजूड बांधीव खंड यंत्रावर सपाट बसत नाही, त्यामुळे डावीकडच्या पानांवर प्रत्येक ओळीचं शेवटचं अक्षर शिवणीत गेलेलं. मग त्या झेरॉक्सची झेरॉक्स. तिला फायलीत लावण्यासाठी पाडलेली दोन भोकं, त्यांतलं एक नेमकं दशांशचिन्हावर. घडी घालून जोडलेला मोठा नकाशा उलगडायचा कंटाळा आला म्हणून घडीसकट स्कॅन केलेला. आलेखाच्या जागी काळा चौकोन, आणि त्याखाली 'वरील आलेखावरून हे स्पष्टच दिसते' हे वाक्य मात्र लख्ख. मुख्य समीकरणावर ग्रंथालयाचा जांभळा गोल शिक्का. पानभर कोरी जागा असताना शिक्का समीकरणावरच कसा बसतो, यावरही कुणीतरी निबंध लिहायला हवा.

आणि पान ७ वर अंगठा. पुस्तक दाबून धरणाऱ्याचा. नख, नखाशेजारी शाईचा डाग आणि कडेला अर्धवट आलेली अंगठी. लेखकाचं नाव पुसट, प्रकाशकाचं नाव कापलं गेलेलं, सालातला शेवटचा आकडा ३ की ८ यावर वाद. अख्ख्या दस्तऐवजात कुणाची तरी ओळख पटवू शकेल असा पुरावा एवढाच, आणि तो चोराचा.

तळाशी, प्रत्येक पानावर, कॅमस्कॅनरची मोहोर. हे ॲप भारत सरकारनं जून २०२० मध्ये आणखी ५८ चिनी ॲप्सबरोबर बंद केलं. म्हणजे ज्याचा हक्क असेल त्याचं नाव कुठेच नाही, आणि ज्यावर बंदी आहे त्याचं नाव पानोपानी.

या कलेत सरकारी प्रयत्नही मागे नव्हते. 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया' या प्रकल्पात लाखो जुनी पुस्तकं स्कॅन झाली. तिथे मराठी पुस्तक शोधलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको : नावं रोमन लिपीत आणि स्पेलिंग टंकलेखकाच्या त्या दिवशीच्या प्रकृतीप्रमाणे. पुढे कॉपीराइटचा प्रश्न उभा राहिला आणि ते संकेतस्थळ बंद झालं. तोवर तिथली लाखो पुस्तकं अमेरिकेतल्या 'इंटरनेट अर्काइव्ह'वर पोचली होती. आपल्या पेठेतल्या वाचनालयाचा शिक्का असलेलं पुस्तक आपण आता सॅन फ्रान्सिस्कोहून मागवून वाचतो, आणि परत करायची तारीख उलटून गेली म्हणून दंडही पडत नाही.

आता कायद्याकडे वळू. आपला प्रताधिकार कायदा १९५७ चा, लागू झाला २१ जानेवारी १९५८ ला. लेखक जिवंत असेपर्यंत आणि त्याच्या मृत्यूनंतर ५० वर्षं हक्क चालायचा. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ साली गेले. त्यामुळे १९९१ संपत आलं तशी धावपळ सुरू झाली, कारण वर्षअखेरीला गुरुदेवांचं सगळं साहित्य विश्वभारतीच्या हातून सुटणार होतं. दिल्लीनं ५० चे ६० केले. कवीचा मान राखला, त्याबद्दल तक्रार नाही. पण कायद्याला कविता आणि कालव्यातला गाळ यांत डावं-उजवं करता येत नाही. रवींद्रनाथांसाठी वाढवलेली दहा वर्षं गाळावरच्या निबंधांनाही मिळाली, नळांच्या जाडीच्या कोष्टकांनाही मिळाली. या कायद्यानं 'साहित्यकृती'त कोष्टकंही धरलेली आहेत. मराठी समीक्षेनं आजवर एकाही कोष्टकाचं रसग्रहण केलेलं नाही, तरी न्यायालयात ते साहित्यच.

अमेरिकेनं १९९८ मध्ये मुदत आणखी २० वर्षांनी वाढवली. त्यामागे डिस्नेचा उंदीर होता असं तिथलेच लोक म्हणतात. १९२८ मध्ये पडद्यावर शीळ घालत बोट हाकणारा तो उंदीर १ जानेवारी २०२४ ला मोकळा झाला. इकडे कवी, तिकडे उंदीर, आणि दोघांच्या मध्ये विनाकारण अडकला तो पुलाचा खांब.

घरचंच उदाहरण घेऊ. दामोदर धर्मानंद कोसंबी : जन्म गोव्यातला, घर पुण्यात, नोकरी मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, आणि मधला प्रवास डेक्कन क्वीनचा. मराठी वाचक त्यांना इतिहासकार म्हणून ओळखतो, पण पेशानं ते गणिती. १९४३ साली त्यांनी इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात एक निबंध लिहिला. त्यात मांडलेली पद्धत पुढे जगभर कारहुनेन आणि लोएव्ह या दोघांच्या नावानं प्रसिद्ध झाली. श्रेय गेलं, कॉपीराइट मात्र शाबूत राहिला. कोसंबी २९ जून १९६६ ला गेले, म्हणजे हा हक्क ३१ डिसेंबर २०२६ च्या मध्यरात्री संपतो. जुन्या हिशेबानं तो २०१६ अखेरच संपला असता. मधली दहा वर्षं गुरुदेवांची कृपा.

याच कोसंबींनी १९६० नंतरच्या काळात काही गणिती निबंध 'एस. डुक्रे' या टोपणनावानं छापले. टोपणनावाला कायद्यात वेगळं माप आहे. प्रसिद्धीपासून ६० वर्षं मोजायची. मात्र त्या मुदतीत खरं नाव उघड झालं तर पुन्हा लेखकाच्या मृत्यूपासून मोजणी. म्हणजे निबंध १९६३ चा असेल आणि डुक्रे हे कोण याचा कुणालाच पत्ता लागला नसता, तर तो २०२३ अखेर मोकळा झाला असता. अभ्यासकांनी पत्ता लावला आणि तीन वर्षं वाढवून घेतली. लेखक लपून राहिला तर वाचकाचा फायदा, ओळखला गेला तर वाचकाचा तोटा, अशी ही तरतूद आहे.

तरी मुदत निदान बोटांवर मोजता येते. मालकी मोजायची कशी?

क्लॉड शॅनन यांचा १९४८ सालचा निबंध घ्या. 'बेल सिस्टिम टेक्निकल जर्नल'च्या जुलै आणि ऑक्टोबरच्या अंकांत तो दोन हप्त्यांत आला. आज आपण मोबाइलवरून बोलतो, फोटो पाठवतो, सुप्रभातचे गुलाब पाठवतो, त्या सगळ्याचं गणित त्या निबंधातून निघालं. बेल प्रयोगशाळा तेव्हा एटी अँड टीच्या पदरी होती. १९८४ मध्ये त्या कंपनीचे तुकडे पडले. १९९६ मध्ये प्रयोगशाळा ल्युसेंट या नव्या कंपनीकडे गेली, २००६ मध्ये ल्युसेंट फ्रान्सच्या अल्काटेलमध्ये विलीन झाली, आणि २०१६ मध्ये ते सगळंच फिनलंडच्या नोकियानं घेतलं. म्हणजे आधुनिक संदेशवहनाच्या मूळ दस्तऐवजाचा वारस हुडकत निघालेला माणूस शेवटी, कधीकाळी सापाचा खेळ असलेले फोन विकणाऱ्या कंपनीच्या दारात जाऊन उभा राहतो.

गावाकडचा सातबारा ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे लगेच उमजेल. जमीन पणजोबांच्या नावावर. वाटण्या तोंडी झालेल्या. एक काका बडोद्याला, आत्या डोंबिवलीला, एक चुलतभाऊ मस्कतला आणि एक कुठे आहे ते कुणी सांगत नाही. फेरफार कुणी केलेला नाही, जमिनीत बोरीबाभळीशिवाय काही उगवत नाही, पण तिथे कुणी चार दगड रचायला गेला की पाच जण दत्त म्हणून उभे. जुन्या निबंधांची मालकी नेमकी अशी असते. फरक इतकाच की इथे तलाठीही नाही.

शॅनन यांच्या बाबतीत वारस दिलदार निघाले, जुने अंक लोकांना फुकट वाचायला खुले झाले. त्या निबंधाचा एक निष्कर्ष असा की वाट गोंगाटाची असली तरी संदेश बिनचूक पोचवता येतो, मर्यादा मात्र ओळखायला हवी. आमच्या मंडळींनी हा निष्कर्ष प्रयोगानं पडताळला आहे. झेरॉक्सच्या झेरॉक्सच्या मोबाइलनं काढलेल्या फोटोतूनही त्यांना निबंध सुरळीत वाचता येतो, कारण तो त्यांना आधीपासून पाठ असतो.

सगळेच निबंध इतके कुलवान नसतात. बहुतेक निबंध अशा छोट्या संस्थांच्या पत्रिकांत आलेले, की ज्यांचा संपादक गेला, सचिव गेले, छापखाना पाडून तिथे फ्लॅट झाले. लेखकानं हक्क संस्थेला दिला होता की नव्हता, हेही कुणी सांगू शकत नाही. आपल्या कायद्यात हक्काचं हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी लागतं. त्या काळचा लेखी व्यवहार म्हणजे दोन पोस्टकार्डं. लेखकाचं : 'सोबत लेख पाठवीत आहे, पोच द्यावी.' संपादकाचं : 'लेख पोचला. आकृत्या काळ्या शाईत काढून पाठवाव्यात. कळावे.' हक्काचा छापील फॉर्म लेखकापुढे ठेवायची पद्धत जगभर रुळली ती अमेरिकेचा नवा कायदा १९७८ मध्ये अमलात आल्यानंतर. त्याआधीची मालकी या दोन पोस्टकार्डांवरून सिद्ध करायची असेल तर वकील नको, ज्योतिषी हवा.

सरकारी अहवालांचं त्या मानानं सोपं आहे. भारत सरकार किंवा राज्य सरकार मालक असेल तर प्रसिद्धीपासून ६० वर्षं. १९६० साली सरकारनं छापलेला अहवाल २०२० संपताच सर्वांचा झाला. ही बातमी कळली तेव्हा आमच्या मंडळींत आनंदीआनंद होईल अशी माझी अपेक्षा होती. झालं उलटंच. खडकवासल्याच्या जल-विद्युत संशोधन केंद्राचे जुने अहवाल ज्यांनी वर्षानुवर्षं कपाटाच्या वरच्या कप्प्यात जपले होते त्यांचे चेहरे उतरले. ज्या निबंधावर 'पुढे पाठवू नये' असं लिहिता येत नाही तो पाठवण्यात मजा काय राहिली?

मालक सापडत नाही हे खरं, पण गल्ल्यावर बसलेला माणूस लगेच सापडतो. संगणकावर निबंधाचं नाव टाका, पहिलं पान दिसतं आणि पुढे किंमत येते : आठ पानांना तीस-पस्तीस डॉलर, म्हणजे अडीच-तीन हजार रुपये. लेखकानं तो फुकट लिहिलेला असतो, तज्ज्ञांनी फुकट तपासलेला असतो, आणि विक्रीतला एक पैसाही त्यांच्या घरी जात नाही. कुठे कुठे अट अशी की पैसे भरल्यापासून दोन दिवसांत वाचून घ्या. निबंधातला पूल साठ वर्षं वाहतूक सोसतो आहे, आणि निबंध दोन दिवसांत संपवायचा.

केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०२४ मध्ये यावर एक मोठा उपाय मंजूर केला : 'एक देश, एक सदस्यता'. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं. सरकारी विद्यापीठं आणि संशोधन संस्थांमधल्या पावणेदोन कोटींहून अधिक विद्यार्थ्यांना, शिक्षकांना आणि संशोधकांना ती वाचायला मिळणार. योजना उत्तम. फक्त निवृत्त माणूस तिच्यात कुठे बसत नाही. ज्याला वाचायला वेळ आहे त्याला प्रवेश नाही, आणि ज्याला प्रवेश आहे त्याची परीक्षा तोंडावर आली आहे. नातीनं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजातच जावं असा आजोबांचा हट्ट असतो, त्यात नातीच्या भवितव्याइतकाच कॉलेजच्या पासवर्डचाही विचार असतो.

कुंपण नेहमी कायद्याचंच असतं असंही नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीचं नियतकालिक १६६५ पासून निघतं. न्यूटननं प्रकाश आणि रंगांवर लिहिलेलं पत्र त्यात १६७२ मध्ये छापलं गेलं. न्यूटन १७२७ मध्ये वारला, त्याच्या हक्काचा प्रश्न केव्हाच मिटला. तरी २०११ पर्यंत हे जुने अंक संगणकावर बघायचे तर जेस्टोर या संग्रहाच्या सशुल्क फाटकातून आत जावं लागे. जुलै २०११ मध्ये ग्रेगरी मॅक्सवेल नावाच्या अमेरिकी गृहस्थानं १९२३ पूर्वीचे १८,५९२ निबंध एका दमात इंटरनेटवर मोकळे सोडले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रॉयल सोसायटीनं सत्तर वर्षांहून जुने निबंध सर्वांना फुकट केले.

मॅक्सवेलनं हे केलं ते ॲरन स्वार्ट्झ या तरुणावर खटला दाखल झाल्याचं ऐकून. स्वार्ट्झनं एमआयटीच्या जाळ्यातून जेस्टोरवरचे लाखो निबंध उतरवून घेतले होते. खटला उभा राहण्याआधीच, जानेवारी २०१३ मध्ये, वयाच्या २६ व्या वर्षी त्यानं आयुष्य संपवलं. आमची मंडळी एरवी प्रत्येक बातमीवर मत देतात. ही बातमी मात्र कुणी पुढे पाठवली नाही.

आपला कायदा तसा कनवाळू आहे. कलम ५२ मध्ये स्वतःच्या अभ्यासासाठी, संशोधनासाठी, परीक्षणासाठी रास्त वापराला मुभा आहे. भारतात विकत मिळत नसलेल्या पुस्तकाच्या जास्तीत जास्त तीन प्रती सार्वजनिक ग्रंथालयाला करता येतात. तीनच का, याचा मी पुष्कळ विचार केला. एक कपाटासाठी, एक वाळवीसाठी, आणि एक 'साहेबांनी वाचायला नेली आहे' या नोंदीसाठी. २०१२ च्या दुरुस्तीनं ग्रंथालयांना, जवळ छापील प्रत असेल तर, जतनासाठी संगणकीय प्रत ठेवायलाही परवानगी दिली. आपल्याकडचे ग्रंथपाल जतन ही गोष्ट फार मनावर घेतात. ती प्रत इतकी जपली जाते की ती आहे हे त्यांच्याखेरीज कुणाला कळत नाही.

याच कलमावर दिल्लीत मोठी लढाई झाली. २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या तीन प्रकाशकांनी दिल्ली विद्यापीठावर आणि त्याच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिसवर दावा लावला, कारण तिथे अभ्यासक्रमातल्या उताऱ्यांचे झेरॉक्स गठ्ठे बांधून मिळत. एका बाजूला १५३४ सालच्या राजाच्या सनदेवर चालणारं केंब्रिजचं मुद्रणालय, दुसऱ्या बाजूला झेरॉक्सचं दुकान. १६ सप्टेंबर २०१६ ला न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी प्रकाशकांचा दावा फेटाळला. डिसेंबरात खंडपीठानं काही मुद्दे पुन्हा तपासायला पाठवले, तरी शिकवण्यासाठी प्रती काढायची मुभा उचलून धरली. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला. त्या आठवड्यात अप्पा बळवंत चौकातला झेरॉक्सवाला गिऱ्हाइकाशी आधीपेक्षा तुटक बोलत होता, असं माझं निरीक्षण आहे.

अर्थात ही मुभा शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना. आमच्या मंडळींनी त्यावरही तोड काढली. 'माणूस आयुष्यभर विद्यार्थीच असतो' हे वाक्य मी तोवर निरोपसमारंभात ऐकत आलो होतो. कलम ५२ चा बचाव म्हणून ते पहिल्यांदाच ऐकलं.

या सगळ्या गदारोळात ज्याच्या नावानं हक्क चालतो तो लेखक काय म्हणतो? पूर्वी त्याला आपल्या निबंधाच्या सुट्या छापील प्रती मिळत, रीप्रिंट म्हणत त्यांना. जगभरातून छापील कार्डं यायची : आपला अमुक निबंध पाठवल्यास आभारी होईन. प्राध्यापक खिशातून टपालखर्च करून तो पाठवत, आणि कार्डावरचं तिकीट मुलगा वहीत चिकटवी. चेकोस्लोव्हाकियातून कार्ड आलं तर स्टाफरूममध्ये चहा व्हायचा. आपलं लिखाण कुणी फुकट वाचतंय याचा त्या पिढीला अभिमान होता. आता त्याच पिढीला त्याची भीती वाटते.

सांगलीचे आमच्या ओळखीचे एक निवृत्त प्राध्यापक आहेत. पुराची पातळी आधी कशी ओळखावी यावरचा त्यांचा १९८१ चा निबंध, घरातल्या सगळ्या प्रतींसकट, २०१९ च्या पुरात गेला. त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं कुठूनसा स्कॅन मिळवला आणि फोन केला. त्या वेळी मी सरांच्या शेजारीच बसलो होतो.

"सर, पाठवतो. तुमचाच निबंध आहे."

"पाठव, पण मी तो वाचलेला चालेल ना रे? हक्क सही करून देऊन बसलोय मी."

"सर, तुम्हीच तर लिहिलाय!"

"म्हणून तर धाकधूक. दुसऱ्याचा असता तर बिनधास्त वाचला असता."

निबंध आला. सरांनी चष्मा पुसून तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, आणि चौथ्या पानावर थबकले. एका समीकरणात अधिकच्या जागी उणे पडलं होतं. सर उसळले, परत फोन लावला. "अरे, इतक्या वर्षांत मला हे कुणी कळवलं कसं नाही?"

"सर," पलीकडून शांतपणे उत्तर आलं, "तो कुणाला मिळालाच नाही."

इतकं झाल्यावरही ज्याला सगळं नियमानंच करायचं असेल त्याच्यासाठी कायद्यात कलम ३१-अ आहे. लेखक हयात नसेल किंवा मालकाचा ठावठिकाणा लागत नसेल, तर न्यायालयात अर्ज करून प्रकाशनाचा परवाना मागता येतो, न्यायालय सांगेल ती रॉयल्टी बेपत्ता मालकाच्या नावे जमा करायची. मात्र अर्जाआधी आपला प्रस्ताव देशाच्या मोठ्या भागात खपणाऱ्या एका इंग्रजी दैनिकात छापून आणावा लागतो. आठ पानांचा निबंध, त्याला अख्ख्या देशभरची जाहिरात. आमच्या मंडळींनी वर्गणी काढायचं ठरवलं आहे. इंग्रजी मसुदा वकील करतीलच, पण जमिनीच्या नोटिसा वाचण्यात उभी हयात गेल्यामुळे मराठी मसुदा मी करून ठेवला आहे. तो असा :

जाहीर नोटीस. तमाम जनतेस या नोटिशीने कळविण्यात येते की, खालील वर्णनाची मिळकत, म्हणजे पुलाच्या खांबाभोवतालच्या झिजेबाबतचा एक तांत्रिक निबंध, पाने आठ, साल १९५३ अथवा १९५८, आमचे अशिलांचे मोबाइलमध्ये निर्वेध कब्जेवहिवाटीत आहे. सदर मिळकतीची चतुःसीमा : पूर्वेस शिवणीत गेलेली अक्षरे, पश्चिमेस फायलीची दोन भोके, उत्तरेस ग्रंथालयाचा जांभळा शिक्का, दक्षिणेस बंदी आलेल्या ॲपचे नाव. येणेप्रमाणे चतुःसीमापूर्वक मिळकतीवर कोणाही इसमाचा, संस्थेचा, कंपनीचा, तिच्या विलीन झालेल्या वा विकत घेतल्या गेलेल्या वारसांचा हक्क, हितसंबंध, गहाण, दान, वारसा असल्यास त्यांनी चौदा दिवसांचे आत लेखी पुराव्यासह हरकत नोंदवावी. पोस्टकार्डे पुरावा म्हणून चालतील. मुदतीत हरकत न आल्यास सदर मिळकतीस कोणीही वाली नाही असे समजून आमचे अशील ती पुढे पाठवतील, जी त्यांनी यापूर्वीच पाठवलेली आहे. खरा मालक हजर झाल्यास त्याचा हक्क विनातक्रार मान्य केला जाईल. मात्र येताना त्याने पान ७ ची बिनअंगठ्याची प्रत सोबत आणावी.